वाटा मोडलेली नगरे
(सोलापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या अध्यापकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकाच्या पानावरून शिलेकडे आणि शिलेवरून पुन्हा पानाकडे जाण्याची सवय लावली; आणि म्हणूनच, देशोदेशींची जुनी, ओसाड, आडमार्गाची स्थळे पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्या प्रवाशास आपण आज येथे पाचारण केले, यात मला त्यांच्याच शिकवणीचे सातत्य दिसते. प्रवासवर्णन करण्याचा माझा विचार नाही. इतक्या भ्रमंतीतून जो एक विश्वास माझ्या मनात दृढ झाला आहे तो आपणापुढे मांडावा, एवढाच आजचा संकल्प आहे. तो विश्वास असा की, जी स्थळे आज दुर्गम म्हणून प्रसिद्ध आहेत ती मुळात दुर्गम नव्हती. त्यांच्याकडे जाणारी वाट मोडली म्हणून ती दूर गेली. आणि हे ज्याला उमगले त्याला जगाचा वारसा पाहण्याचा आरंभ आपल्याच मुलखापासून करावा लागतो.

सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा मुलूख आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या गावी, तेव्हाच्या सोन्नलगीत, ६८ लिंगांची स्थापना केली, तसाच लोकांच्या श्रमांतून तलावही सिद्ध केला. त्या तलावाच्या काठी वाढलेला माणूस कोणत्याही उजाड नगरात उभा राहिला की त्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो हा, की येथे पाणी कोठून येत होते. आणि ज्या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, ज्याची चादर हिंदुस्थानच्या घराघरांत पोचली, त्या शहराच्या रहिवाशाला दुसराही प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही, की येथला माल कोणत्या वाटेने बाहेर जात होता. पाण्याचा आणि वाटेचा, हे दोन प्रश्न मी सर्वत्र बरोबर नेले. त्यांनी उघडली नाही अशी नगरी मला अद्याप भेटलेली नाही.

जॉर्डन देशातील पेट्रा नगरीचे उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंनी उंच कडे उभे, मध्ये सुमारे १.२ किलोमीटर लांबीची अरुंद घळ, आणि त्या घळीच्या शेवटी, डोळ्यांसमोर अकस्मात उभे ठाकणारे, अखंड कातळात कोरलेले सुमारे ४० मीटर उंचीचे 'खजिना' नावाचे प्रासादमुख, हे दृश्य पाहून प्रवासी स्तिमित होतो, यात नवल नाही. परंतु माझी दृष्टी त्या घळीच्या भिंतींवरून कमरेइतक्या उंचीने गेलेल्या पाटांवर अधिक वेळ खिळून राहिली. नबातियन लोकांनी वाळवंटातील तुटपुंजा पाऊस धरणांनी अडविला, दगडात खोदलेल्या पाटांनी आणि भाजलेल्या मातीच्या नळांनी तो नगरात आणला, आणि अवचित येणाऱ्या लोंढ्याचे पाणी बोगद्यातून दुसरीकडे वळवून घळीची वाट सुरक्षित केली. पाण्याचा असा बंदोबस्त होता म्हणूनच अरबस्तानातील धूप आणि सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेले उंटांचे तांडे येथे मुक्कामास येत आणि त्या व्यापारावर हे नगर गबर होई. पुढे इसवी सन १०६ मध्ये हे राज्य रोमन साम्राज्यात विलीन झाले; व्यापाराची वाट हळूहळू समुद्राकडे आणि उत्तरेस पाल्मीराकडे सरकली; ३६३ सालच्या भूकंपाने पुष्कळशा इमारती जमीनदोस्त केल्या; आणि जे नगर एकेकाळी सर्व वाटांचे नाके होते ते इतके आडबाजूस पडले, की १८१२ साली बर्कहार्ट हा स्विस प्रवासी वेष पालटून तेथे पोचला तेव्हा युरोपाला ते नव्याने सापडल्यासारखे वाटले.

आता ज्या ग्रंथाने माझ्या प्रवासाला खरी दिशा दिली त्याकडे वळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने, ज्याचे नाव आपणास ठाऊक नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे, तेथले राजे, तेथला आयात-निर्यातीचा माल आणि वाऱ्यांचे हंगाम यांचा तपशील नोंदविला. 'पेरिप्लस' या नावाने तो ग्रंथ विद्वानांत प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभाच्या भागात तांबड्या समुद्रावरील एका बंदरातून मलिखस राजाच्या पेट्राकडे जाणाऱ्या रस्त्याचा उल्लेख येतो. आणि त्याच ग्रंथात पुढे, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर आहे, असे सांगून तो व्यापारी लिहितो की, या नगरांतून धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचला माल येतो, आणि तगराहून येणाऱ्या मालात साधे जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर वस्त्रे पुष्कळ असतात.

श्रोतेहो, एकाच लेखणीने, एकाच ग्रंथात नोंदलेली ही दोन नगरे. त्यांतील पेट्राचे नाव १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. दुसरे नगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीच्या काठचे तेर. फ्लीट या पुरालेखतज्ज्ञाने १९०१ साली तगर म्हणजेच तेर हे साधार दाखविले, तेव्हापासून यासंबंधी फारसा वाद उरलेला नाही. आपल्या वारकरी मनाला तेर ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. परंतु त्याच गावात विटांनी बांधलेले, मागच्या अंगास अर्धवर्तुळाकार असलेले त्रिविक्रमाचे देऊळ उभे आहे, जे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. मातीच्या विटांनी उभारलेले इतके जुने चैत्य देशात फारच थोड्या ठिकाणी अद्याप उभे आहे. पुढे त्याच छताखाली विष्णूची पूजा सुरू झाली, आणि पूजा अखंड राहिली म्हणूनच ही वास्तूही जगली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथल्या उत्तरेश्वर मंदिराची नक्षीदार लाकडी द्वारशाखाही अशीच दुर्मीळ आहे.

तेरच्या पांढरीतून पावसाळ्यात वाहून येणारे मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या हे सारे लोक पिढ्यानुपिढ्या पाहत आले होते. पण तेथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वेचून, जपून ठेवले, आणि आज त्यांच्याच नावाने गावात शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. या संग्रहापुढे मी उभा असतो तेव्हा मला नेहमी इटलीतील नेपल्सच्या संग्रहालयाची आठवण होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, १९३८ साली, वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली; अलंकारांनी मढलेली, दोन्ही बाजूंस दासी असलेली ती मूर्ती हिंदुस्थानातून तेथे गेली, याविषयी विद्वानांत दुमत नाही; आणि तिच्याशी तुलना करण्यासाठी जी शिल्पे पुढे केली जातात त्यांत जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या आणि आपल्या तेरच्या हस्तिदंती मूर्ती अग्रस्थानी आहेत. नेपल्सच्या दालनात काचेपलीकडच्या त्या मूर्तीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. भोवतालच्या प्रवाशांना ती पूर्वेकडून आलेली एक अपरिचित वस्तू वाटत होती. मला मात्र तिच्या कमरपट्ट्यात आणि पैंजणांत माझ्याच मुलखातील कारागिरीचे नाते दिसत होते, आणि सह्याद्री, समुद्र व वाळवंट ओलांडून गेलेली ती वाट क्षणभर पुन्हा अखंड झाल्यासारखी वाटली.

त्या वाटेचा एक तुकडा आजही पायांखाली घेता येतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, जेथे कोकणातील बंदरांतून वर चढणारी वाट पठारावर येते, तेथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख असलेली गुंफा आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकली जाई असे परंपरा सांगते. सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर, ही नावे एका ओळीत उच्चारली की एक राजमार्ग उभा राहतो. रोमशी चालणारा व्यापार ओसरला, सातवाहनांची सत्ता लयास गेली, राजधान्या बदलल्या, आणि त्या मार्गावरील नगरे एकेक करून खेडी झाली. पेट्राचे जे झाले तेच तेरचे झाले; फरक इतकाच की, पेट्राची वाट जगाने पुन्हा पाडली आणि तेरची वाट आपण पाडावयाची राहिली आहे.

वाट मोडण्यास शतके लागतात असेही नाही. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर आणि ब्रह्मपुरी ही गावे आहेत. १६९५ सालापासून १६९९ सालापर्यंत औरंगजेबाची छावणी ब्रह्मपुरीस होती. त्याने तिचे नाव इस्लामपुरी ठेवले होते, आणि काबूलपासून दक्षिणेपर्यंतच्या साम्राज्याचे हुकूम, फर्माने आणि हिशेब या भीमाकाठच्या तंबूंतून सुटत होते. छावणी येथे हलण्याआधी ती कृष्णाकाठी गलगली येथे असताना, १६९५ साली, जेमेल्ली कारेरी हा इटालियन जगप्रवासी गोव्याहून पदरखर्चाने तेथे येऊन बादशहास भेटून गेला. पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या माणसाला आपल्या मुलखात येणे अनिवार्य वाटले, असे ते दिवस होते. आज माचणूरचा किल्ला, त्याखालचा घाट आणि सिद्धेश्वराचे देऊळ पाहताना, ज्या भूमीवर चार वर्षे एका साम्राज्याची राजधानी नांदली तिच्याकडे जाण्यासाठी वाट विचारावी लागते.

त्याच भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की हत्तरसंग कुडल येथे सीना तिला येऊन मिळते. संगमावरील मंदिरांपैकी हरिहरेश्वराचे मंदिर १९९९ साली मातीखालून मोकळे केले गेले, तेव्हा ३५९ शिवमुखे कोरलेले विलक्षण शिवलिंग प्रकाशात आले. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके ९४०चा मराठी लेख आहे. मराठी भाषेतील सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते, आणि जो हा लेख वाचील तो विजयी होईल, असा आशीर्वाद त्यात दिलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी नोकरी सांभाळून, पदरमोड करून, जिल्ह्यातील गावोगाव हिंडून शिलालेखांचा जो शोध घेतला, त्या परिश्रमांमुळे हा लेख अभ्यासकांच्या नजरेस ठळकपणे आला. देशोदेशी जाणाऱ्या माझ्यासारख्यापेक्षा एकाच जिल्ह्यात आयुष्यभर चालणाऱ्या अशा माणसाचा प्रवास मला अधिक दूरचा वाटतो, कारण त्याने ओलांडले ते अंतर हजार वर्षांचे होते.

कुडलहून भीमा आणखी पूर्वेस, कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीस जाते. तेथील चंद्रलांबा देवीच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८६ साली कोसळले, तेव्हा देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आढळल्या. शेकडो वर्षे ती शिळा मूर्तीची बैठक म्हणून पूजेत राहिली होती. जवळच कनगनहळ्ळी येथे पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात एक महान स्तूप सापडला, आणि त्याच्या शिल्पपटांपैकी एकावर राजा, राणी आणि परिवार यांच्या आकृतींसोबत राजा अशोकाचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले मिळाले. पंढरपूरच्या वाळवंटास स्पर्श करून जाणारे पाणी पुढे अशोकाच्या नावाने कोरलेल्या त्या प्रतिमेजवळून वाहते, ही गोष्ट आपल्या शाळांतील भूगोलाच्या तासाला सांगितली जावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आता पाण्याचा प्रश्न पुन्हा घेतो. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने ५० किलोमीटरांच्या आत नळदुर्ग आहे. बोरी नदीचा प्रवाह किल्ल्यात वळवून, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली तेथे जो बंधारा बांधला गेला त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांतून पाणी बंधाऱ्यावरून कोसळत असताना आतल्या सज्जात माणूस कोरडा बसून ते पाहू शकतो. संरक्षण, सिंचन आणि सौंदर्य यांचा असा मिलाफ पेट्राच्या कारागिरांनाही आपलासा वाटला असता. उलटपक्षी, पाण्यानेच वारसा गिळल्याची उदाहरणेही आहेत. नाईलवरील आस्वान धरणामुळे अबू सिंबेलची मंदिरे बुडणार असे दिसताच, १९६० साली युनेस्कोने सर्व राष्ट्रांना हाक दिली, आणि १९६४ ते १९६८ या काळात ती मंदिरे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. १९७२ साली जागतिक वारशाचा करार झाला त्याचे बीज या अनुभवात आहे. आपल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर गेले. जलाशय आटला की त्याचे शिखर आणि सभामंडप उघडे पडतात, आणि दुष्काळाच्या वर्षी लोक तेथे दर्शनास जमतात. उजनीने या जिल्ह्यातील शेतकऱ्याला जे दिले त्याची जाणीव मला पूर्ण आहे. म्हणूनच मी एवढेच म्हणेन की, धरण बांधताना बुडणाऱ्या गावाचा जसा पंचनामा होतो तसाच त्याच्या देवळांचा, वीरगळांचा आणि लेखांचाही व्हावयास हवा.

प्रसिद्ध स्थळांच्या संबंधात 'अमक्याने शोध लावला' असे लिहिण्याचा प्रघात आहे. पेरू देशातील माचू पिच्चू येथे १९११ साली हायरम बिंगहॅम पोचला तेव्हा तेथल्या जुन्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत शेतकरी कुटुंबे पीक घेत होती. पेट्राच्या गुहांत बदूल जमातीचे लोक राहत होते, ज्यांना १९८५ साली जवळच वसविलेल्या गावात हलविण्यात आले. कोणतेही स्थळ त्याच्या शेजाऱ्यांना कधीच हरवलेले नसते. कुडलच्या देवळात दिवा लागत होता, सन्नतीच्या देवीला नैवेद्य दाखविला जात होता, तेरच्या विटा गोरोबांच्या यात्रेकरूंनी पाहिलेल्याच होत्या. म्हणून जो प्रवासी स्थळाच्या रहिवाशाशी बोलल्यावाचून परततो त्याने अर्धेच पाहिले, असे मी मानतो.

जागतिक वारशाच्या यादीत आज १,२००हून अधिक स्थळे आहेत. महाराष्ट्रातील अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली, घारापुरी १९८७ साली तीत आली. आणि २०२५ साली साल्हेरपासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंतचे १२ किल्ले मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून मान्य झाले, याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. यादी ही एक सनद आहे. तिने मान मिळतो, निधी मिळतो, रक्षणाची जबाबदारी अधोरेखित होते. परंतु जे गाव सनदेची वाट पाहत आपली शिळा उघड्यावर टाकते, त्याला सनद मिळेपर्यंत शिळा उरत नाही. सोलापूर जिल्ह्यातील एकही स्थळ त्या यादीत नाही; पण भीमा, सीना, बोरी आणि तेरणा यांच्या काठी जे आहे ते त्याच वाटांचे आहे, ज्या वाटांवर पेट्रा आणि पाँपेई होती.

मग पाहावे कसे? याचे उत्तर मराठीनेच फार पूर्वी दिलेले आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, वसले, त्या स्थानांची नोंद महानुभावांनी 'स्थानपोथी'त केली. देवळाचे तोंड कोणत्या दिशेस, दार कोठे, विहीर कोणीकडे, वाट कोठून येते, झाड कोणते, हे सारे चौदाव्या शतकातील त्या ग्रंथकर्त्याने इतक्या काळजीने लिहिले की आजही त्यावरून जागा ओळखता येतात. श्रद्धेच्या पोटी इतकी अचूकता जन्मास येते, हे मला त्या ग्रंथाने शिकविले. आपल्या हातांत आज कॅमेरे आहेत, उपग्रहांचे नकाशे आहेत. उणीव आहे ती त्या काळजीची. दिशा पाहा, पाणी शोधा, वाट विचारा, शेजाऱ्याचे ऐका आणि परतल्यावर लिहून ठेवा. शिळेवर खडू ओढू नका, अक्षरांत शेंदूर भरू नका, पांढरीतला मणी खिशात घालू नका, कारण जागेवरून उचललेली वस्तू आपली साक्ष गमावते.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरात गावातील देवळे, बारवा, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख आणि पांढरी यांची यादी असावी, आणि ती दरसाल तपासली जावी. प्रत्येक शाळेची सहल दूरच्या उद्यानापूर्वी एकदा तरी कुडल, माचणूर, नळदुर्ग किंवा तेर येथे जावी, आणि विद्यार्थ्यांनी तेथे पाण्याचा आणि वाटेचा प्रश्न स्वतः विचारावा. आणि येथील महाविद्यालयांनी ब्राह्मी, देवनागरी, हळेकन्नड, मोडी आणि फारसी यांचे वाचन शिकविण्याची सोय करावी. आपला जिल्हा भाषांच्या सरहद्दीवरचा आहे, आणि येथला दस्तऐवज एका लिपीत कधीच मावलेला नाही.

माझी प्रवासातील टिपणे, नकाशे आणि छायाचित्रे मी या शहरातील अभ्यासकांसाठी खुली ठेवीत आहे. ज्या विद्यार्थ्याला तेरची वाट पुन्हा पाडावयाची आहे त्याने ती निःसंकोच मागावीत, आणि मी जेथे थांबलो तेथून पुढे जावे.